गाळ्याच्या पाटीवरचे दोन शब्द

(कृषी विस्तार अधिकारी, कर्वेनगर, पुणे)

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात जा, नाही तर लातूरला जा, सांगलीला जा. कोणत्याही मोठ्या बाजार आवारात गाळ्यांवरच्या पाट्या वाचत चला. मालकांची नावे निरनिराळी, पण नावाखालची ओळ पुष्कळ ठिकाणी तीच सापडेल : ‘मर्चंट अँड कमिशन एजंट’. आपल्या बापजाद्यांनी ही पाटी पाहिली, आपण पाहतो, आपली मुले पाहतात. पाटीखालून गाडी आत नेतो, माल उतरवतो, पट्टी घेतो आणि घरी येतो. पण त्या ओळीत दोन निरनिराळे धंदे एका ‘अँड’ने बांधलेले आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

मर्चंट म्हणजे व्यापारी. कमिशन एजंट म्हणजे अडत्या. दोघेही गादीवर बसतात, दोघेही भाव बोलतात, दोघांच्याही हातून आपल्याला पैसे मिळतात. म्हणून आपण दोघांनाही ‘व्यापारी’ किंवा ‘शेठ’ म्हणून मोकळे होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक आपल्यासमोर उभा असतो, दुसऱ्याने आपल्या बाजूने उभे राहायचे असते. कोण कुठे उभा आहे हे ओळखता आले नाही, तर सहा महिन्यांची मेहनत एका पट्टीत बुडू शकते. म्हणून आजचा लेख या दोन शब्दांवर.

माल कोणाचा?

दोघांतला फरक ओळखण्याची किल्ली एकच आहे. ‘या घडीला माल कोणाच्या मालकीचा?’ एवढाच प्रश्न विचारावा.

व्यापारी तुमचा माल विकत घेतो. सौदा पुरा झाला की माल त्याचा झाला. मग तो त्याने दुप्पट भावाने विकला तरी तुम्ही वरचा पैसा मागू शकत नाही, आणि निम्म्या भावाने विकावा लागला तरी तो तुमच्याकडे तूट मागू शकत नाही. नफा त्याचा, तोटाही त्याचा.

अडत्या माल विकत घेत नाही. तो तुमच्या वतीने, तुमचा माल, तिसऱ्याच माणसाला विकून देतो. विकला जाईपर्यंत माल तुमचाच असतो. भाव चढला तर फायदा तुमचा, उतरला तर खोट तुमची. अडत्याचा हक्क फक्त ठरलेल्या मेहनतान्यावर, म्हणजे अडतीवर.

इंग्रजी शब्दांची मुळे पाहिली तरी हेच दिसते. ‘मर्चंट’च्या मुळाशी लॅटिन भाषेतला माल या अर्थाचा शब्द आहे. ज्याच्याजवळ स्वतःचा माल तो मर्चंट. ‘एजंट’च्या मुळाशी ‘करणे’ हे क्रियापद आहे. दुसऱ्यासाठी काम करणारा तो एजंट. ‘कमिशन’ म्हणजे सोपवलेले काम, आणि त्यावरून पुढे त्या कामाचा मेहनताना. आपल्याकडचा ‘दलाल’ हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ वाट दाखवणारा असा आहे. घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून दिली की दलालाचे काम संपले. माल त्याच्या ताब्यातही येत नाही. अडत्याच्या मात्र ताब्यात येतो, मालकीत येत नाही.

१८७२ चा भारतीय करार कायदा एजंटाची व्याख्या अशीच करतो. दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करण्याकरिता किंवा तिसऱ्या माणसाशी व्यवहार करताना दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करण्याकरिता नेमलेला माणूस तो एजंट, आणि ज्याच्यासाठी तो हे करतो तो त्याचा मुख्य धनी. म्हणजे अडत्याच्या गाळ्यावर धनी कोण? गादीवर बसलेला नव्हे. बाहेर गाडीजवळ पटका सावरत उभा असलेला शेतकरी हा धनी!

दोघांचा हिशेब

नुसत्या व्याख्येने पोट भरत नाही, म्हणून आकडे घेऊन पाहू. समजा, तुमच्याकडे टोमॅटोचे ५० क्रेट आहेत, क्रेटमध्ये २० किलो, म्हणजे १,००० किलो माल.

पहिली वाट. बांधावर व्यापारी आला आणि किलोला १२ रुपये देऊन माल उचलून घेऊन गेला. तुमचे झाले १२,००० रुपये. गाडीभाडे त्याचे, हमाली त्याची, वाटेत माल दबला तर नुकसान त्याचे.

दुसरी वाट. तुम्ही माल अडत्याकडे पाठवला. गाडीभाडे १,५०० आणि हमाली, तोलाई वगैरे ४०० असे १,९०० रुपये खर्चाचे धरू. हा खर्च तुमचा, कारण माल तुमचा. त्या दिवशी किलोला १५ रुपये निघाले, तर १५,००० मधून खर्च जाऊन १३,१०० हाती येतील. २० रुपये निघाले तर १८,१००. पण आवक वाढून भाव ८ रुपयांवर आला, तर हाती फक्त ६,१०० रुपये.

यातून काय दिसते? भाव १३ रुपये ९० पैशांच्या वर राहिला तर अडत्याची वाट फायद्याची, खाली गेला तर व्यापाऱ्याची. व्यापारी ‘लुटतो’ आणि अडत्या ‘आपला माणूस’ असे सरसकट काही नाही. तसेच उलटेही नाही. व्यापारी जो फरक खातो, त्यात त्याने उचललेल्या जोखमीची किंमत असते. अडत्या कमी घेतो, कारण जोखीम तुमच्याच डोक्यावर राहते. कोणता निवडायचा हे तुमची ऐपत, मालाचे टिकणे आणि बाजाराचा कल पाहून ठरवावे. पण निवडताना आपण काय निवडतो आहोत हे माहीत असावे.

खरा घात होतो तो तिसऱ्याच प्रकारात. जोखीम तुमच्याकडे आणि नफा त्याच्याकडे, अशी वाटणी होते तेव्हा. समजा, अडत्याने माल खरोखर १८ रुपयांनी विकला आणि तुमच्या पट्टीवर १५ लिहिले. वरचे ३,००० रुपये त्याने व्यापाऱ्यासारखे खिशात टाकले आणि भाव पडला असता तर अडत्यासारखी तूट तुमच्या माथी मारली असती. म्हणजे पडला तरी पाय वरच!

वखारीपासून अडतीपर्यंत

हा फरक काही आजचा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांत चढत्या पायऱ्या होत्या. आधी रायटर, मग फॅक्टर, मग ज्युनियर मर्चंट आणि सर्वांत वर सीनियर मर्चंट. यातला ‘फॅक्टर’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा एजंट. तो जिथे बसे ती जागा ‘फॅक्टरी’. आपण तिला वखार म्हणालो. सुरत, राजापूर येथील वखारी या अशा ‘फॅक्टऱ्या’ होत. तिथे यंत्रे नव्हती, अडतीची गादी होती. राजापूरकर इंग्रजांनी ‘आम्ही व्यापारी’ म्हणत पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूरची ती वखार लुटून तिथल्या इंग्रजांना कैद केले. पाटी एक आणि काम दुसरे असले की काय होते, त्याचा हा जुना दाखला.

आपल्या देशी व्यापारातही हा भेद पूर्वीपासून होता. मुंबईच्या बाजारात ‘कच्ची अडत’ आणि ‘पक्की अडत’ असे दोन प्रकार चालत. कच्चा अडत्या हा निव्वळ मधला माणूस, एजंट. पक्का अडत्या मात्र ‘या भावाने सौदा झाला समज, पुढचे मी बघतो’ असे म्हणून स्वतःवर जबाबदारी घेई. समोरचा माणूस उलटला तरी पैसे किंवा माल पुरा करणे हे त्याचे काम. १९०५ साली भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही रूढी तपासली आणि सांगितले की, पक्का अडत्या हा आपल्या गिऱ्हाइकाशी निव्वळ एजंटाच्या नात्याने बांधलेला नसतो, तो स्वतः धनी म्हणून उत्तरदायी असतो. नाव ‘अडत्या’, पण त्या सौद्यापुरता तो व्यापारीच. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यायमूर्तींनाही पाटी बाजूला ठेवून ‘जबाबदारी कोणाची?’ हे शोधावे लागले.

बाजाराला कायदा का लागला

पूर्वी शेतकऱ्याच्या मालाचा भाव रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि घेणारा एकमेकांचा हात कापडाखाली धरून बोटे दाबत, आणि ज्याचा माल तो शेजारी उभा राहून त्या कापडाकडे बघे. वर कडता, नमुना, धर्मादाय अशा नाना नावांनी कपात होई. १९२८ च्या शेतीविषयक शाही आयोगाने अशा अनिष्ट प्रथांची नोंद घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. पुण्याच्या फळबाजाराची धनंजयराव गाडगीळ यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेली पाहणी गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३३ साली प्रसिद्ध केली. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत मध्ये कोण कोण येतो, हे मुळापासून पाहणारा तो आरंभीचा प्रयत्न.

नियंत्रित बाजाराची सुरुवातही आपल्याच राज्यातली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली असा पहिला बाजार झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्याच १८८६ साली पुण्यात रे मार्केट उभे राहिले. तीच आजची महात्मा फुले मंडई. पुढे मुंबई राज्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा आणि १९३९ चा शेतमाल बाजार कायदा झाला. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. बाजार समित्या त्यावर चालतात.

या कायद्यातली एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. व्यापारी, अडत्या, दलाल, तोलारी, हमाल हे सर्व त्यात वेगवेगळे सांगितले आहेत. पण कायदा वेगळे करतो आणि पाटी एकत्र करते. एकाच माणसाला दोन्ही कामे करता येतात. मग शेतकऱ्याने काय करायचे? इथेच तो ‘अँड’ आडवा येतो.

पाटीवरचा ‘अँड’

पुरंदर तालुक्यातल्या एका गावी वाटाण्याच्या हंगामाआधी सभा होती. मी हा विषय काढला, तेव्हा पुढे बसलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “साहेब, आम्ही तर वर्षानुवर्षं शेठलाच माल विकतो. तो पट्टी देतो, आम्ही पैसे घेतो. मग तो व्यापारी नव्हे तर कोण?”

मी विचारले, “तात्या, भाव पडला तर पट्टी कमी येते का?”

“येते की. कधी कधी गाडीभाडंसुद्धा निघत नाही.”

“मग माल त्याने विकत घेतला कुठे? विकत घेतला असता तर पडलेल्या भावाची झळ त्याला बसली असती.”

तात्या विचारात पडले. मागे बायकांच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, “म्हंजी तो आपला गडी म्हणायचा! अन् आपण त्याला शेठ म्हणतोय.” सभा हसली. पण आजींनी कायद्याचे एक अख्खे प्रकरण एका वाक्यात सांगितले होते.

‘गडी’ हा शब्द जरा कडक वाटेल, पण नाते त्याच जातीचे आहे. करार कायद्याने एजंटावर काही बंधने घातली आहेत. धन्याने सांगितल्याप्रमाणे, आणि सांगितले नसेल तर त्या धंद्यातल्या रीतीप्रमाणे त्याने वागावे. धन्याने मागितला तेव्हा हिशेब द्यावा. धन्याच्या नावावर आलेली रक्कम, आपला हक्काचा मेहनताना वजा करून, धन्याला द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धन्याला न सांगता स्वतःच गिऱ्हाईक होऊन बसू नये. तसे त्याने केले आणि त्यातून नफा कमावला, तर तो नफा मागण्याचा हक्क धन्याला आहे, असे कलम २१६ सांगते.

याचे कारण सोपे आहे. विकणाऱ्याच्या माणसाने भाव चढवायचा असतो, घेणाऱ्याने भाव उतरवायचा असतो. एकाच माणसाने एकाच मालावर दोन्ही कामे केली तर त्याचे एक मन दुसऱ्या मनाशी काय घासाघीस करणार? दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा स्वतः पडतो असे म्हणतात. बाजारात मात्र पडतो तो बहुधा तिसराच.

अडत्याने स्वतःच्या नावाने, किंवा भावाच्या, मुलाच्या नावाने दुसरी पेढी काढून तुमचाच माल घेतला, तर सौद्याला वरवर नाव तिसऱ्याचे असते. म्हणून पट्टीवर घेणाऱ्याचे नाव आहे का हे पाहावे. नसेल तर विचारावे. विचारण्यात लाज कसली? धन्याने आपल्या माणसाला विचारायचे आहे.

दुसरी गाठ उचलीची. मुलीचे लग्न, औषधपाणी, बी-भरण यासाठी गाळ्यावरून उचल घेतली जाते. अडत्या अडीअडचणीला उभा राहतो हे खरे, आणि त्याबद्दल पुष्कळ घरे त्याची कृतज्ञ आहेत. पण उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर न्यावा लागतो, आणि भावाबद्दल तोंड उघडता येत नाही. ज्याला आपण हिशेब विचारायचा तोच आपला सावकार झाला, की धनी-एजंटाचे नाते उलटे होते. शक्य तिथे पीककर्ज सोसायटीतून किंवा बँकेतून घ्यावे आणि गाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

२०१६ नंतरचा बदल

फळे आणि भाजीपाला यांच्या बाबतीत जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने मोठा बदल केला. हा माल बाजार आवाराबाहेर विकण्याला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळीक मिळाली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. वरच्या उदाहरणात शेकडा ६ अडत धरली, तर १५,००० रुपयांवर ९०० रुपये होतात. पूर्वी हे पट्टीतून वजा झाले असते, आता ते होता कामा नयेत. कोणी दुसऱ्या नावाने तेवढीच कपात करीत असेल, तर ती कशाची हे विचारावे.

हा बदल शेतकऱ्याच्या हिताचा आहे. पण त्याची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. अडत्या आजही विकतो तुमच्या वतीने, मात्र मेहनताना मिळतो घेणाऱ्याकडून. गडी आपला आणि पगार शेजाऱ्याचा, असा हा प्रकार आहे. शेजारी रोज येणार, आपण हंगामात चार वेळा जाणार. मग गड्याचा ओढा कुणीकडे राहील? म्हणून अडत वाचली की डोळे मिटून चालत नाही, उलट भावावर अधिक लक्ष ठेवावे लागते. लिलाव उघड झाला का, शेजारच्या गाळ्यावर त्याच प्रतीच्या मालाला काय भाव निघाला, हे स्वतः पाहावे.

दुसरी बाजू बांधावरच्या खरेदीची. मोकळीक मिळाली तसे व्यापारी थेट शेतात येऊ लागले. हा खराखुरा मर्चंट. त्याच्याशी व्यवहार करताना नफा-तोट्याची जोखीम आपण त्याच्यावर टाकतो, पण एक नवी जोखीम आपल्याकडे येते, ती म्हणजे पैसे मिळण्याची. बाजार आवारातल्या परवानाधारक अडत्याच्या मागे समिती असते. त्याचा परवाना असतो, तक्रारीला जागा असते. बांधावरून माल उचलून परराज्यात नेणाऱ्याच्या मागे कोण आहे? नाशिक भागात द्राक्षांचे पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या, की २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा वसुलीसाठी खास मोहीम काढली. पुष्कळांना पैसे परत मिळाले. पण पोलिसांनी मोहीम काढावी लागणे, हाच मुळात मोठा धडा आहे.

बांधावर विकताना आणखी एक बारकावा आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर मालकीबरोबर जोखीम जाते. किंमत ठरवण्यासाठी विकणाऱ्याने माल तोलून द्यायचा असेल, तर तो तोलला जाऊन घेणाऱ्याला तसे कळेपर्यंत मालकी सुटत नाही. म्हणजे विसार घेऊन बाग ‘दिली’, आणि तोडणीआधी गारपीट झाली, तर नुकसान कोणाचे, हे तोंडी बोलीवर ठेवू नये. साध्या कागदावर का होईना, भाव, वजनाची पद्धत, तोडणीची तारीख, विसार आणि बाकी रक्कम कधी मिळणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ‘विश्वास पानिपतात गेला’ ही म्हण आपल्याच मातीतली आहे.

कर्वेनगरची हातगाडी

मी राहतो त्या कर्वेनगराचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला आश्रम १९०० साली इथल्या माळावर आणला आणि पुढे गावाला त्यांचे नाव मिळाले. मुठेच्या काठचे हे गाव आता पुरते शहर झाले आहे. कालव्याची आठवण ‘कॅनॉल रोड’ या रस्त्याच्या नावात तेवढी उरली आहे. जे गाव पिकवीत होते, ते आता विकत घेऊन खाते.

इथल्या कोपऱ्यावर हातगाडी लावणारी भाजीवाली पाहा. पहाटे अंधारात ती गुलटेकडीला जाते, रोख पैसे मोजून माल घेते आणि सकाळी इथे येऊन विकते. संध्याकाळपर्यंत कोथिंबीर सुकली तर तोटा तिचा. तिच्या गाडीवर पाटी नाही, पण ती शंभर नंबरी मर्चंट आहे. मोठ्या गाळ्यावरचा शेठ पुष्कळदा फक्त एजंट असतो आणि रस्त्यावरची ही बाई खरी व्यापारी असते! म्हणून शेतातला भाव आणि तिचा भाव यांतला फरक पाहून तिला नावे ठेवण्याआधी, त्यात सडणे, वाळणे, भाडे आणि दिवसभराचे उभे राहणे किती आहे ते मोजावे.

हे अशासाठी सांगतो की आता पुष्कळ शेतकरी गट शहरातल्या आठवडे बाजारात किंवा सोसायटीच्या दारात थेट माल विकतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या दिवशी शेतकरी स्वतः मर्चंट होतो, आणि मर्चंटची सगळी कामे त्याच्या गळ्यात पडतात. निवडणे, प्रतवारी, सुटे पैसे, न खपलेला माल, गिऱ्हाइकाची कुरकुर, सगळे आले. मधला फरक आपल्याला मिळतो, तो या कामांचा मोबदला म्हणून. घरात दोन माणसे त्यासाठी मोकळी असतील तर जरूर करावे. शेत ओस टाकून मात्र करू नये.

नवी नावे, जुना प्रश्न

आता बाजारात नवी नावे आली आहेत. ‘अ‍ॅग्रिगेटर’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘कंपनी’, मोबाइलवरचे ‘अ‍ॅप’. नावाने गांगरून जाऊ नये. जुनाच प्रश्न विचारावा : तुम्ही माझा माल विकत घेता, की माझ्या वतीने विकून देता?

हा प्रश्न आपल्याच संस्थांनाही लागू आहे. दूध संघ फॅट आणि एसएनएफ पाहून दूध विकत घेतो. साखर कारखाना ऊस विकत घेतो आणि केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दर देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत राज्य सरकारच खरेदीदार झाले होते. शेतकरी उत्पादक कंपनी मात्र दोन्ही तऱ्हांनी काम करू शकते. ती तुमची तूर विकत घेत असेल तर आज पैसे मोजील. तुमच्या वतीने विकणार असेल तर विक्रीनंतर हिशेब देईल, आणि भाव पडला तर तो तुमचा पडला. सभासदांनी हे सर्वसाधारण सभेतच स्पष्ट करून घ्यावे. आपल्याच माणसांत पुढे होणारे पुष्कळसे तंटे या एका न विचारलेल्या प्रश्नातून उगवतात.

करखात्यालाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. जीएसटी आल्यावर, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय कर मंडळाने परिपत्रक काढून एजंट ओळखण्याची मुख्य खूण सांगितली. ती म्हणजे, बिल तो कोणाच्या नावाने फाडतो? म्हणजे दिल्लीचे अधिकारीही शेवटी कागदावरच आले. आपणही कागदावर यावे.

पट्टी वाचणाऱ्या हातांसाठी

हा भाग विशेषतः भगिनींसाठी आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांमुलींसाठी आहे. पुष्कळ घरांत पट्ट्या तारेला खोचून ठेवतात आणि दिवाळीला रद्दीत घालतात. त्याऐवजी एक वही घालावी आणि प्रत्येक पट्टी आली की पुढील गोष्टी पाहून उतरवून घ्याव्यात.

१. ही पट्टी खरेदीची आहे की विक्रीच्या हिशेबाची? म्हणजे शेठ आज व्यापारी आहे की अडत्या?

२. गाळ्याचे नाव, परवाना क्रमांक आणि तारीख छापलेली आहे का? चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेला आकडा म्हणजे पट्टी नव्हे.

३. अडतीने विकला असेल तर घेणाऱ्याचे नाव आहे का?

४. घरून निघालेले वजन आणि पट्टीवरचे वजन यांत फरक किती? असेल तर कशाचा?

५. कोणकोणत्या कपाती आहेत? फळे-भाजीपाल्यावर अडत कापली आहे का?

६. त्या दिवशीचा बाजारभाव काय होता? तो बाजार समितीकडे आणि कृषी पणन मंडळाकडे रोज मिळतो. शेजारी लिहून ठेवावा.

७. पैसे मिळाले का, कधी, रोख की बँकेत? बँकेत घेणे केव्हाही बरे, नोंद राहते.

महिन्याभरात या वहीतून पुष्कळ गोष्टी आपोआप बोलू लागतील. एखाद्या गाळ्याचा भाव नेहमीच बाजारापेक्षा रुपया-दीड रुपया कमी दिसेल, एखाद्याचा चोख दिसेल. चोख असेल त्याला सोडू नये. असे प्रामाणिक अडत्ये आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी शेतकऱ्यांचे संसार सांभाळले आहेत. खोट दिसली तर आधी समोरासमोर विचारावे. उत्तर पटले नाही तर बाजार समितीकडे लेखी तक्रार द्यावी, तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जावे. सोबत पट्टी आणि वही असावी. नुसत्या तोंडी तक्रारीला कचेरीत पाय नसतात.

पुढच्या खेपेला माल घेऊन जाल तेव्हा गाडी सोडण्याआधी घरातच ठरवा, हा माल आज विकायचा की विकायला द्यायचा? विकायचा असेल तर भाव आणि पैसे यांवर बोला. विकायला द्यायचा असेल तर हिशेबावर बोला. मराठीत या दोन क्रियापदांत एका शब्दाचाच फरक आहे, पण गादीवर बसलेला कोणत्या नात्याने बसला आहे, ते त्यावरून ठरते.